पेटाऱ्यातल्या गणपतीचा दिवा

काचेच्या कपाटातल्या गणपतीच्या सोंडेवर काजळी होती. कपाटाला कुलूप, काच शाबूत, आणि काजळी आत!

मी आमच्या संग्रहालयात कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुन्या वस्तूंची डॉक्टर. दर महिन्याला कंडिशन चेक करते. रंग सुटतोय का, कीड लागली का, ते बघायचं. हा गणपतीचा लाकडी मुखवटा एका बंद पडलेल्या दशावतारी कंपनीचा. कंपनीचे मालक भाऊ यांनी तो पेटाऱ्यासकट आम्हाला दिला होता. पेटारा म्हणजे सोंगांचे मुखवटे ठेवायची मोठी करंडी. नाटकाआधी तिची पूजा झाल्याशिवाय कोणी तोंडाला रंग लावत नाही.

मी ओल्या कापसाने काजळी टिपली. कापसाबरोबर सोंडेवरचा लाल रंगही आला. उष्णतेने रंगाच्या खपल्या सुटायला लागल्या होत्या. असंच चाललं असतं तर पावसाळ्यापर्यंत नुसतं लाकूड उरलं असतं.

कपाटाच्या चाव्या दोनच. एक माझ्याकडे, एक संग्रहालयाच्या प्रमुखांकडे, म्हणजे साहेबांकडे.

"साहेब, कपाट कोण उघडतं?"

साहेबांनी उगाच चष्मा पुसला. "भाऊ येतात सकाळी. निरांजन ओवाळतात. दोन मिनिटांचं काम."

"आणि तुम्ही उघडून देता?"

"म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगू, मीही हात जोडतो."

मी कपाळावर हात मारला. लोकांनी काचेला हात लावू नये म्हणून मी बोर्ड रंगवून घेतले होते, आणि इथे साहेबच पुजारी!

दुसऱ्या दिवशी भाऊंना कापूस दाखवला. ते म्हणाले, "पन दिवो नाय तर देव कसलो? काळोखात बसवूक दिलंय काय मी? तुमका जमना नसात तर माझो पेटारो माका परत द्या."

त्यांच्या घराच्या वाशांना वाळवी लागली होती. मुखवटा तिथे गेला असता तर संपलाच असता. मी चिडले होते, पण त्याहून जास्त घाबरले होते.

आमची इमारत म्हणजे बंदरावरची जुनी जकात कचेरी. चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, समुद्राकडे लांब पडवी. पडवीत उघडणारी एक बुटकी खिडकी आहे. गलबतांचे तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, पडवीत उभे राहायचे आणि आत बसलेला कारकून तिच्यातून व्यवहार करायचा. खारा वारा नको म्हणून आम्हीच ती प्लायवूडने बंद केली होती. मी म्हटलं, "साहेब, प्लायवूड काढू. पक्की काच बसवू. कपाट खिडकीकडे तोंड करून ठेवू. दिवा पडवीत."

"भाऊ ऐकतील?"

"भाऊंना काय विचारता, ते देवालाच विचारतील."

तसंच झालं; देवाला विचारून बघतो म्हणत भाऊ तयार झाले. काच बसली, कपाट फिरलं. संध्याकाळी भाऊंनी पडवीत समई लावली. आत मुखवट्यावर पिवळा उजेड पडला, धूर मात्र बाहेरच. भाऊंनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं.

"बा देवा म्हाराजा! आज तुका ह्या घरात बसयलेलो आसा. दिवो भायर आसा म्हणान रागाव नको रे म्हाराजा!"

आणि थांबले. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला मागच्या माणसांनी होकार द्यायचा असतो. भाऊंच्या मागे कंपनीची माणसं असायची. आता कोणी गोव्यात हॉटेलात, कोणी मुंबईला, कोणी वर गेलेले. भाऊ मान न वळवता तसेच उभे. मला बघवेना.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. गळ्यातल्या आयकार्डासकट. पाठोपाठ साहेबही ओरडले.

भाऊंचा आवाज चढला. "काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

रिपोर्टमध्ये मी 'प्रकाशयोजनेत बदल' एवढंच लिहिलं. पेटारा आमच्याकडेच आहे. तेव्हापासून कोणतीही वस्तू घेताना देणाऱ्याला आधी विचारते, हिचं रोजचं काय काय करावं लागतं? भाऊ रोज संध्याकाळी येतात, आणि साडेपाचला सुटणारी मी सातपर्यंत थांबते.