खडस दिसला तर कळवा

खडस हा आमच्याकडचा मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. तो तग धरेल की कायमचा संपेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. तीच नदी मॉडेलमध्ये हजारदा चालवायची आणि त्यात किती वेळा मासा नाहीसा होतो ते बघायचं. त्या महिन्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दिघाशीजवळच्या डोहात अंडी घालणारी एखादी मादी उरली असेल, तर गणित जेमतेम तरत होतं. नसेल, तर खेळ खलास. आणि ती आहे की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारी कापडाच्या लूमची खडखड, इथे माझा पाय हलतोय. आई म्हणायची, टेबल मोडशील एक दिवस.

दिघाशीला माझी आत्या राहते. तिला नि तिच्या आळीला मी बजावून ठेवलं होतं, खडस दिसला की आधी मला कळवा.

एका सकाळी तिचा फोन आला. "तुझा मासा दिसला गो. मोठी मादी हाय, अंड्यांनी भरलेली. ये लवकर."

मी कॅमेरा उचलला नि स्कूटर काढली. वाडा रोडवर नेमके कंटेनर आडवे. पाणी गढुळलं तर, मादी खाली निघून गेली तर, या विचाराने जीव नुसता वरखाली होत होता. वाटेतल्या प्रत्येक ड्रायव्हरला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दारातूनच विचारलं, "कुठल्या डोहात आहे?"

"डोहात कशाला ऱ्हाईल?" म्हणत आत्याने पाट मांडला. ताटात कालवण आणि गाबोळी, म्हणजे त्या मादीची सगळीच्या सगळी अंडी, तव्यावर भाजलेली. आत्याच्या आळीत मासा दिसला म्हणजे हाती लागला. पाण्यातल्या माशाला दिसला कोण म्हणतं? आणि गाबोळी लाडक्या माणसाची. आतेभावाला तिने बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

मला रडू येत होतं, रागही आला होता, पण काढणार कुणावर? ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी घास घेतला. चव अप्रतिम होती, त्याचाच जास्त त्रास झाला.

"झालीय ना चांगली?"

"चांगली झालीय, आत्या."

"मग खा की पोटभर. सगल्यांना सांगून ठेवलंय मी," ती म्हणाली, "आता एक पन सोडायचा न्हाय. दिसला की तुझ्यासाठी आणायचा."