मामांपुढे वाजवलेला खोटा डी मेजर

सुखदेवमामांशी मी शेवटचं खोटं बोलले ते गिटारवर.

मामांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून ही पोस्ट तीनदा लिहिली, तीनदा डिलीट केली. पण आज नाही टाकली तर कधीच टाकणार नाही, मी स्वतःला ओळखते.

मामा म्हणजे सख्खे नव्हेत. चिखल्याच्या खाण कॉलनीत आमच्या बाजूच्या क्वार्टरमध्ये राहायचे. खाणीत फिटर. ड्युटी सुटली की हात घासून घासून धुवायचे आणि गिटार घेऊन बसायचे.

त्यांची आणि त्यांच्या लहान भावाची, बपेऱ्याच्या आनंदकाकांची, भीमगीतांची गायनपार्टी होती. काका गायचे, मामा वाजवायचे. अख्ख्या तालुक्यात जोडी फेमस.

मग एका भीमजयंतीला काका न सांगता दुसऱ्या पार्टीत गायला गेले. इकडे मामा स्टेजवर गिटार घेऊन वाट पाहत बसलेले.

त्यानंतर नऊ वर्षं बोलणं बंद. दोघंही एकापेक्षा एक हट्टी.

मला गिटार मामांनीच शिकवली. सस कॉर्ड काही केल्या डोक्यात शिरेना.

"सस म्हंजे सस्पेंड," मामा म्हणाले. "खाणीत मानूस सस्पेंड होते का नाही? नोकरी गेली बी नाही, हाये बी नाही. चौकशी चालू. तसाच हा कॉर्ड."

"म्हणजे मेजर का मायनर?"

"तेच तं! ज्या सुरानं मेजर-मायनर कळते, तो सूरच काढून घेतला. त्याच्या जागी बाजूवाला बसवला."

मग डी धरून दाखवला. सगळा खेळ सगळ्यात बारीक तारेवर. दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दुसऱ्या घरात, बोट असलं की मेजर, पहिल्यावर आणलं की मायनर. दुसऱ्यावरचं बोट तसंच ठेवून करंगळी तिसऱ्यावर टेकवली तर सस फोर. आणि तार मोकळीच सोडली तर सस टू.

मी सस धरला रे धरला की मेजरवर पळायची. दमच निघायचा नाही.

"कायची घाई हाये वो तुले?"

"भेव वाटते मामा. काहीतरी चुकल्यासारखं वाटते."

"वाटू दे ना मंग! गायकानं श्वास घेऊन तोंड उघडलं का खाली ये. तवरी मरून जाशीन काय?"

मागच्या वर्षी मामांच्या घशाची बायोप्सी झाली. मी नागपुरात नोकरीला, म्हणून रिपोर्ट मीच आणला. डॉक्टर मला आणि मामीला म्हणाले, महिना. फार तर दोन.

मामीनं माझा हात धरला. "त्यायले सांगू नोको वो. तुले मायी शप्पथ. आयकूनच खचतीन थे."

घेतली शपथ. काय करणार?

रविवारी चिखल्याला गेले तर मामा व्हरांड्यात खाटेवर. मांडीवर मोबाइल.

"रिपोर्ट आला?"

"नाही ना मामा. लेट होऊन राहिला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. गिटार माझ्या हातात दिली.

"डी सस फोर वाजव."

वाजवला.

"आता आयक. मामीनं तुले शप्पथ घातली असन, मले मालूम हाये. तोंडानं काही सांगू नोको. रिपोर्ट चांगला असन तं मेजरवर ये. खराब असन तं मायनरवर."

मी परत सस फोरच वाजवला.

"मायनर असन तं आनंदाले आत्ताच फोन लावतो. मेजर असन तं जयंतीच्या टायमाले पाहू. मी मोठा हावो, मीच कायले आधी लावू?"

काकांचा नंबर स्क्रीनवर काढलेला होता. मी पाहिला.

मामी चहा घेऊन दारात उभी. तिला वाटलं, क्लास चालू आहे.

मी सस वाजवतच राहिले. किती वेळ, माहीत नाही. मामा माझ्या बोटांकडे बघत होते.

करंगळी उचलली.

मेजर. एकदम स्वच्छ वाजला.

"बरं झालं," मामा हसले आणि मोबाइल खिशात टाकला. "चाय पे."

एकोणीस दिवसांनी मामा गेले. शेवटच्या आठवड्यात तर त्यांना आवाजच उरला नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी आनंदकाका मंडपाबाहेर, चपलांपाशी उभे होते. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, तरी आत आले नाहीत. मी पाणी घेऊन गेले.

"दादानं मायी याद केली होती का वो, बाई?"

मामी माझ्या मागेच होती. मी म्हटलं, "मले नाही मालूम काका."

पाणी न पिताच गेले. तेव्हापासून गाणंही सोडलं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, तुझा काय दोष, शपथ होती. असेल. पण मामांनी शपथ न मोडता सांगायची वाट काढून दिली होती. मी भ्याले, बस्स.

मामी, रागावशील तर रागाव.

आनंदकाका, तुमच्या मुलीला टॅग केलंय, ती हे तुम्हाला वाचून दाखवेल. दादानं तुमची याद केली होती. नंबर काढून बसले होते. तो फोन मी थांबवला.

मी उद्या पहिल्या बसनं बपेऱ्याला येऊन राहिली. जे बोलायचं ते बोला मला.

सुखदेवमामा, तुमचा निरोप एक वर्ष उशिरा पोचवतेय.

माफ करा. तुम्हाला मनापासून आदरांजली.