चाकाखालचा दगड

माझी बायको शेवंता गेली तेव्हा मी एका जीपखाली झोपून ग्रीस भरत होतो. शेजारचा किसन वाकून म्हणाला, "मिस्त्री, बाहीर या. वहिनी उठून नाही राह्यल्या." हात पुसायचंही सुचलं नाही. तिच्या कपाळावर माझ्या बोटांचा काळा डाग पडला, तो तिच्याबरोबरच गेला... सव्वा महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. तिचा डावा पाय आखूड होता हे कारंज्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणामुळे, ते मात्र उलटं ठाऊक आहे. ते सरळ करायला बसलो आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या साली नाले भरून वाहिले. आमच्या भागातल्या एका मोठ्या शेतमालकाची मोटार होती. त्याला बापूसाहेब म्हणतो, खरं नाव पेपरवाले छापत नाहीत. मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमचे, म्हणजे बंद डबा. नाला ओलांडला की डब्यात पाणी शिरायचं आणि ब्रेक धरायचा नाही. बापूसाहेबांनी नागपूरच्या भंगारातून परदेशी गाडीच्या पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक आणले. डिस्क म्हणजे उघडी चकती, पाणी झटकून टाकते. म्हणाले, हे मागं बसव. आठ दिवस खपून बसवले. ब्रेक असा लागला की बापूसाहेबांची टोपी पुढच्या काचेवर गेली. पण हॅन्डब्रेकची तार ड्रमच्या आत अडकवलेली असते. ड्रम गेला, तार लोंबकळली, आणि त्या चकत्यांना हॅन्डब्रेकची सोयच नव्हती. मी चारचौघांसमोर सांगितलं, "बापूसाहेब, हॅन्डब्रेक गेला समजा. उतारावर गाडी उभी केली का चाकाखाली दगड ठेवत जा." ते हसले. "मी काय बैल जुंपणारा बंडीवाला हावो?"

पोहरादेवीच्या यात्रेत त्यांनी गाडी उतारावर लावली. लोकांदेखत दगड कोण ठेवणार... खाली शेवंता बांगड्या पाहत बसली होती. गाडी मागं सरकत आली. गर्दीतल्या माणसांनी ढकलून गाडी बाजूला केली, तोवर शेवंताचा पाय मोडला होता. बापूसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मिस्त्रीनं ब्रेक बिघडवले. ज्यांच्यासमोर मी दगडाचं बोललो होतो ते चारही जण त्यांच्याच शेतावरचे, ते गप्प बसले. मग बाजारात चेष्टा सुरू झाली, नवऱ्यानंच बायकोचा पाय मोडला. वर्षभर माझ्याकडे कोणी गाडी टाकली नाही.

मी खचलो. शेवंता नाही खचली. पाय जुळला त्या आठवड्यापासून तिनं नेम धरला. बाजारात बापूसाहेबांची गाडी दिसली की ही लंगडत जायची, पदरातून दगड काढायची, मागच्या चाकाखाली ठेवायची आणि शेजारी उभी राहायची. सपाट रस्ता असला तरी. बापूसाहेब आले की मोठ्यानं म्हणायची, "ठेवला बरं मामंजी. तुमची कंबर दुखत असन." बाजार हसायचा. एकदा त्यांनी ड्रायव्हरला दगड लाथाडायला लावला, हिनं पदरातून दुसरा काढला. मी म्हणालो, सोड आता. ती म्हणाली, "कायले सोडू? पाय माहा मोडला, नाव तुमचं मोडलं. पाय तं जुळला." इतकी वर्षं, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत तिनं सोडलं नाही.

तेराव्याला बापूसाहेब आले. आमच्या दारासमोर उतार आहे. मी ओट्यावरून पाहिलं. म्हातारा गाडीतून उतरला, इकडेतिकडे पाहिलं नाही, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि स्वतःच्या हातानं चाकाखाली दगड सरकवला. मग आत आला. मी पाणी विचारलं नाही. हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमी सांगतलं होतं मले."

लोक म्हणतात, एवढं बोलला, मिटवून टाक. मी कायले मिटवू? मी त्याला एवढंच म्हणालो, "तिले आता आयकू येत नाही. बजारात जाऊन सांगा."

त्यानंतर चार आठवडी बाजार झाले. शेवंता उभी राहायची तिथं मी दर बाजाराला जाऊन बसतो. गाडी येते, म्हातारा दगड लावतो, पण तोंड उघडत नाही. म्हणून हे छापायला दिलं... आता येत्या बाजारी हा कागद घेऊन बसणार आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवीन.