पाण्याचं नाव

सासूबाईंची उजवी बाजू लकव्याने गेली, तेव्हा जळगावच्या घरात त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. उचलण्या-निजवण्याचं मला काही वाटत नसे. त्यांचं बोलणं गेलं होतं, त्याने मात्र मी मेटाकुटीला आले. एकच शब्द उरला होता, ‘बठ्ठं’, म्हणजे सगळं. तहान लागली तरी बठ्ठं, कूस बदलायची तरी बठ्ठं. मी तांब्या, चादर, भांडं एकेक दाखवून ओळखत बसायची. धाकटे दीर म्हणत, “वहिनी, मायले आते बठ्ठंच जोयजे!” आईला आता सगळंच हवंय म्हणे. जाऊ म्हणे, म्हातारीला वेड लागलंय, तिला विचारता कशाला?

खरं काय ते कळावं म्हणून त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मुंबईहून नवे आलेले.

“आजी, मालकांचं नाव काय?”

सासूबाईंनी डाव्या हाताने पदर पुढे ओढला नि मान खाली घातली.

“स्मरण गेलंय,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, धडधाकट असत्या तरी नाव घेतलं नसतं त्यांनी. थांबा.” लग्नात नणंदा अडवतात तशी मी दारात आडवी उभी राहिले. “नाव घ्या, मगच सोडते.”

न अडखळता आलं, “दारी लावली केळ, केळीला पाटाची धार,” मग सासऱ्यांचं नाव, आणि “नाव घेते, सोडा माझं दार.”

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले. म्हणाले, शब्द मेंदूत डब्यात ठेवल्यासारखा एका जागी नसतो. मेंदूच्या वरच्या थरात पेशींचं जाळं असतं. ‘पाणी’ म्हणायला तहान, घागर, जीभ अशा कितीतरी ठिकाणच्या पेशींनी एकमेकींना निरोप द्यावा लागतो. तिथल्या काही वाटा तुटल्यात. पाठ झालेलं निराळ्या वाटेने येतं. कळतं त्यांना सगळं.

मी मनाशी म्हटलं, म्हणजे एक पाट फुटला तर दुसऱ्याने बारं द्यायचं, पिकाला पाणी पोचवायचं. घरी येऊन मी त्याच उखाण्यात सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, जागी पाणी घातलं. तांब्या समोर धरून रोज म्हणायची. पावसाळा सरला, कापूस घरात आला, तेव्हा कुठे एका दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, “...पाण्याचं नाव घेते, सोडा माझं दार.”

दीर हसले, “माय, नानांचं पाणी केलंस!” जावेनेच तांब्या भरून आणला.

पुढे दर घोटाला अख्खा उखाणा. कामं पडलेली असायची, म्हणून मी घाईने मधेच तांब्या पुढे केला, तर त्या पुन्हा केळीपासून सुरू करायच्या.