उसाच्या बांधावरचे भित्रे नाना

नानांवर मी लिहावं की नाही, हे मला अजून कळत नाही. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि नानांवर माझ्यापेक्षा जास्त हक्क असलेली माणसं पुष्कळ आहेत. पण त्यांच्यातलं कुणी लिहिणार नाही. म्हणून चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस म्हणजे नाना. वनखात्यात रोजंदारीवर होते. चलथाणच्या साखर कारखान्याच्या बाजूला उसात बिबट्या दिसला की पिंजरा लावायला आणि ऊसतोडीच्या पडावांना सावध करायला त्यांना पाठवत. असा माणूस चारचौघांत सांगायचा, "माले भ्याव वाटस." आमच्या खानदेशातलेच, म्हणून आम्हा ऊसतोड्यांशी अहिराणी मिसळून बोलत. आमच्या टोळीचा मुकादम एकदा हसत म्हणाला, "नाना, तुम्हाला खात्यानं घेतलं कसं?"

"बाकीचे धीट होते," नाना म्हणाले. "ते टिकले नाहीत."

बिबट्याचं नाव ते घेत नसत. 'बाई' म्हणत. बांधावरून जाताना मुद्दाम खोकत, एकटेच मोठ्यानं बोलत, "आलो गं बाई, तू तठेच बस." बायका सकाळी डबा घेऊन उसाकडे निघाल्या की ओरडत, "एकटीनं जाऊ नका! बोलत जा! खाली बसलेलं माणूस तिला बकरी वाटतं." माझी आई पुटपुटायची, "मग काय उभ्यानं बसायचं?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण जायच्या दोघी-दोघीच.

दहावीची परीक्षा देऊन मी आईवडिलांकडे पडावावर गेलो, त्या हंगामातली गोष्ट. एका दुपारी आईनं पाचटात सापडलेली पिल्लं पदरात घालून आणली. रानमांजरीची असावीत, असंच सगळ्यांना वाटलं. माझी धाकटी बहीण मंजू त्यांना बोटानं बकरीचं दूध चाटवत बसली. पोरांची जत्रा जमली.

दिवस कलताना नाना आले. पिल्लं बघताच त्यांच्या हातातली सायकल सुटून पडली.

"कुठून उचलली?"

आईनं फड दाखवला.

"अंधार पडला की बाई वास काढत इथं येईल. माय शे ती. ह्या कोप्यांना दारं आहेत का?"

दारं नव्हती. फाटक्या ताडपत्र्या होत्या, आणि त्यांच्यामागं झोळीत तान्ही पोरं. आईनं मंजूला पोटाशी ओढलं.

पिल्लं जिथली तिथं नेऊन ठेवायची, म्हणजे त्यांची आई येऊन घेऊन जाते, ही नानांची कामाची रीत. टोपली आली. तिच्यात दोन पिल्लं ठेवली गेली.

"एवढीच?" नानांनी आईला विचारलं.

आई गडबडली. "तीन होती की."

मुकादम पोरांवर ओरडला, "कुणी लपवलंय? सोलून काढीन एकेकाला!" पोरं एकमेकांच्या मागं सरकली.

नाना मंजूसमोर उकिडवे बसले. दोन्ही हात पुढे केले. "हे बघ, माय. एक जरी राहिलं तर ती शोधत येईल. मग मला अंधारात तिच्यासमोर जावं लागेल. माले लई भ्याव वाटस. तुले वाटस का?"

मंजूनं होकारार्थी मान हलवली. कोपीत गेली आणि गोधडीखालून तिसरं पिल्लू घेऊन आली. त्याला तिनं आपला फ्रॉक गुंडाळला होता.

"मी येऊ का?" मी विचारलं. त्यांनी नको म्हणावं, असंच मला मनातून वाटत होतं.

"नको रे भाऊ. दोघांचं भ्याव मला सांभाळता येत नाही."

टोपली घेऊन ते फडात शिरले. खोकला ऐकू येत होता. "आणलं गं बाई, तुझं सगळं आणलं." मग खोकला थांबला. मुकादमानं बिडी विझवली. वडिलांनी कोयता उचलला, पण त्यांचं पाऊल पुढे पडेना. उसाची पाती वाऱ्यानं हलत होती की आणखी कशानं, ते कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं पुन्हा खोकला आला. नाना उसाकडे तोंड करून, उलटे चालत बाहेर आले, बांधावर बसले आणि ओकले. या वेळी कुणी हसलं नाही.

रात्रभर सगळ्या पडावानं शेकोट्या विझू दिल्या नाहीत. सकाळी टोपली रिकामी होती. शेजारी ओल्या मातीत मोठा पंजा उमटला होता.

हंगाम संपताना नाना मला म्हणाले, "शीक. पण भ्याव लपवू नको. लपवणारा वेळेवर मदत मागत नाही." आता मी शहरात, पांडेसऱ्यात, चुलतभावाच्या खोलीवर राहून कॉलेज करतो. भर वर्गात उभं राहून "सर, मला समजलं नाही" म्हणताना मला भ्याव वाटतं. तरी म्हणतो.

परवा मुकादमाचा फोन आला. गेल्या वर्षी वडील तोडीला गेले नव्हते; यंदा येणार का, विचारत होता. मी नानांची चौकशी केली.

तो म्हणाला, "तुला कळलं नाही का? गेल्या हंगामातच गेले. दुसऱ्या एका फडात पिल्लं सापडली होती. ठेवायला गेले, तर बाई आधीच येऊन बसलेली. टोपली खाली ठेवली, अन् तेवढ्यात..."

"पिल्लं?" एवढंच मी विचारलं.

"घेऊन गेली," मुकादम म्हणाला. "सगळी."