मनगटाला विचारून झोपणारा रेनांते

रेनांते सुमालिनोग जामिनावर सुटून आलाय, ही बातमी सान रोकेच्या चॅपेलच्या पायरीवरून निघाली आणि गल्लीच्या टोकाला पावाच्या दुकानापर्यंत पोचेतो तिला कलमंही लागली होती. कुणी म्हणालं, त्याने कॉम्प्युटरमधून बँकेचे पैसे काढले. कुणी म्हणालं, पैसे नव्हे, मॅनेजरची बायको. पुरावा एकच होता, पण भक्कम. पोराच्या मनगटावर एक काळा पट्टा होता, तो आंघोळीलाही निघत नसे, आणि पट्टा थरथरला की पोरगा असेल तिथून उठून चॅपेलभोवती फेऱ्या मारायला लागायचा. एवढा वचक पोलिसांशिवाय कुणाचा असतो?

खरी हकिगत याहून लाजिरवाणी निघाली. बेडी पोलिसांनी घातलेली नव्हती. रेनांतेने ती स्वतःच्या पगारातून विकत घेतली होती, आणि वर रंगसुद्धा निवडून घेतला होता.

रेनांते प्रोग्रामर. कंपनी अमेरिकेतली, म्हणून त्यांचा दिवस ती आपल्या फिलिपीन्समधल्या सेबूतली रात्र. हा रात्रभर कोड लिहायचा आणि दुपारी जेवून झोपायचा. इथवर ठीक होतं, अशी पोरं हल्ली घराआड एक आहेत. पण प्रोग्रॅममधली चूक सापडत नसली की प्रत्येक पायरीवर मोजमाप लावायचं, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज आहे म्हणे, आणि रेनांतेने तो स्वतःच्या देहाला लावला. त्या पट्ट्याने झोप मोजली, नाडी मोजली, फोनवर प्यायलेलं पाणी मोजलं. एका बैठकीत मान वर न करता किती वेळ कोड लिहिला, मध्ये कुणी किती वेळा हाक मारली, तेही मोजलं. त्यात भर म्हणजे तासातासाला मन कसं आहे ते सांगायचं. त्यासाठी फोनवर पाच तोंडं होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मामा वारला तेव्हा शवपेटीशेजारी बसून याने मधलं तोंड दाबलं, आणि कुणी गरम पेज वाढली तसं त्याच्या वरचं. शेजारच्या नोंग तेमयोंगने, म्हणजे तेमयोंगदादाने, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेमयोंगच्या डोळ्यांना थोडं जास्त दिसतं हे खरं, पण रेनांतेनेही कधी नाही म्हटलं नाही.

त्याची आई सिद्रा साधी बाई. माडाच्या पानांच्या पुड्यांत भात शिजवून विकते. संध्याकाळी तो उठला की विचारायची, "झाली का रे झोप?" तर हा आधी मनगट बघायचा आणि मग म्हणायचा, "मध्यम."

"डोळे तुझे, अंग तुझं, आणि विचारतोस त्याला?"

"अंगाला काय कळतं, नाय?" हा म्हणायचा. आईला इथली मुलं नाय म्हणतात.

एक मुलगी होती, औषधांच्या दुकानात कामाला. एड्लिन. चांगली हसरी, आणि याच्यापेक्षा उंच, तरी याला पसंत करायची. तिला याने एकदा समुद्राकाठी भाजलेला मासा खाऊ घातला आणि मासा संपल्यावर लॅपटॉप उघडून ग्राफ दाखवला. तिला भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून कोड कमी होतो, असं त्यात दिसत होतं. तिला गंमत वाटेल, असं याला वाटलं. तिने ग्राफ नीट बघितला, हात पुसले आणि म्हणाली, "आता न भेटता किती होतो, ते मोज." त्यानंतर ती गल्लीत आली नाही. त्या तासाला याने कुठलं तोंड दाबलं, ते कुणी विचारलं नाही.

एवढं मोजूनही त्याचं काम मात्र सुधारेना. उलट याच्या कोडमुळे गिऱ्हाइकांच्या वेबसाइटची पानं बंद पडायला लागली. अमेरिकेतल्या साहेबिणीने गोड आवाजात सांगितलं की अजून असं झालं तर ती दुसरा माणूस बघेल. तिथे नोकरी जाते ती अशीच, गोड आवाजात. सिद्राच्या भाताच्या पुड्यांवर घर चालत नाही, हे रेनांतेलाही ठाऊक होतं, आणि ते कळायला त्याला पट्टा लागला नव्हता. तो घाबरला. घाबरलेल्या माणसाला आधी कुणीतरी दोषी लागतो, आणि तो याला भिंतीपलीकडेच सापडला.

नांग मेनिंग, म्हणजे मेनिंगताई. नवऱ्यामागे तिला दोनच गोष्टी राहिल्या, एक दुकानाची पडवी आणि त्या पडवीतली कराओकेची पेटी. लोक नाणं टाकून गातात. कुणी नसलं की दुपारी मेनिंग स्वतःच गाते. सगळी विरहाची गाणी, आणि वरच्या पट्टीत आवाज चिरकला की तिथेच जास्त रेंगाळते. बाकीच्या गल्लीने त्याबद्दल कुरकुरणं कधीच सोडून दिलं होतं. रेनांतेने मात्र बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या पंचायतीच्या, कचेरीत रीतसर तक्रार दिली: या बाईच्या गाण्याने माझी झोप मोडते, झोप मोडल्याने काम बिघडतं, दुपारी पेटी बंद करावी.

तक्रारीला पुरावा जोडायला त्याने ग्राफ काढला. मेनिंग गायली ते दिवस एकीकडे, पेटी गप्प होती ते दिवस दुसरीकडे. आणि ग्राफ उलटा आला. गाण्याच्या दुपारी हा मेल्यासारखा झोपला होता. शांत दुपारी तळमळला होता. त्याने ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातले दिवस वगळले, कारण तेव्हा पेटीवर चादर असते. तरी तेच. पेटी दुरुस्तीला गेली होती ते दिवस वगळले. तरी तेच. मग त्याने पट्टा ओल्या फडक्याने पुसला.

शहाण्या माणसाने तो कागद फाडला असता, पोटात दुखतं म्हणून घरी राहिला असता, आणि गल्लीनेही समजून घेतलं असतं. पण आकड्यांपुढे खोटं बोलायची रेनांतेची छाती नव्हती. तो कागद छातीशी धरून कचेरीत गेला.

कॅप लाबाहो, म्हणजे आमचा बारांगायचा प्रमुख, टेबलावरच्या पंख्यासमोर घाम पुसत बसला होता. अर्धी गल्ली दारात होती, कारण त्या दिवशी दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. मेनिंग लाल ब्लाउज घालून आली होती.

"बोल डोंग," कॅप म्हणाला; पोराला इथे डोंग म्हणतात. "नांगच्या गाण्याने झोप मोडते तुझी?"

"मोडायला हवी होती, कॅप."

"हवी होती म्हणजे?"

"त्या गातात तेव्हा मी चांगला झोपतो. गात नाहीत तेव्हा झोपत नाही. हे बघा."

कॅपने कागद घेतला, आडवा धरला, उभा धरला. "मग तक्रार कसली करतोस?"

"तक्रार दिली तेव्हा हे माहीत नव्हतं."

"तुझी झोप तुला माहीत नव्हती?"

"ग्राफ काढला नव्हता ना."

दारातली गल्ली अशी हसली की कचेरीमागच्या कोंबड्या उडाल्या. तेमयोंग म्हणाला, "कॅप, याला विचारा, जेवलाय का. मनगट बघून सांगेल!" कॅपने तक्रारीचा कागद दोन वेळा घडी करून पंख्याखाली दाबून ठेवला आणि प्रकरण संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण मेनिंग उठली. तिला मिठाई वाटावी एवढा आनंद झाला असेल, अशी आमची समजूत. पण तिने कॅपच्या हातातला ग्राफ घेऊन टेबलावर आपटला. "माझं गाणं ऐकून लोक रडलेत," ती म्हणाली. "लग्नात नवरे रडलेत. आणि हा म्हणतो, मी गायले की झोप येते? कागदावर लिहून आणलंय!" ती तरातरा घरी गेली आणि पेटीवर चादर घालून टाकली. पवित्र सप्ताहात घालतात ती नव्हे, चांगली जाड.

त्यानंतर दुपारी भिंतीपलीकडून चकार शब्द येईना. रेनांतेने जे मागितलं होतं ते त्याला पूर्ण मिळालं. आणि झोप गेली ती गेलीच. याचं कारण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मेनिंग गायची तेव्हा हा तिला शिव्या घालत उशी कानावर दाबून धरायचा, दोन्ही हातांनी, त्यामुळे मनगट उशीखाली जायचं. रागावता रागावता डोळा लागायचा. आता रागवायला कुणी नव्हतं. हात मोकळा होता. म्हणून हा घटकेघटकेला हात वर करून बघायचा, आपल्याला झोप किती लागली आहे. असा माणूस झोपेल कधी?

नेमकं तेव्हाच याच्या हातून एका गिऱ्हाइकाचं पैसे भरायचं पान बंद पडलं. साहेबीण पुन्हा गोड बोलली. या वेळी तिने महिनाअखेरची मुदत दिली.

दुसऱ्या दुपारी रेनांते मुठीत नाणी घेऊन मेनिंगच्या पडवीसमोर उभा राहिला. डोळे सुजलेले, अंगात घरातला सदरा. तेमयोंग पडवीत बसून झुंजीच्या कोंबड्याचे पाय चोळत होता, आणि अजून चारपाच जण कशाला तरी आले होते.

"नांग, गा ना."

"का? डोळे जड करून घ्यायचेत?"

"हो."

हे उत्तर मेनिंगला अपेक्षित नसावं. ती थोडी नरमली, म्हणजे निदान त्याच्याकडे बघितलं. "नोकरीवर बेतलंय का रे?"

"महिनाअखेरपर्यंत वेळ आहे."

मेनिंगने पेटीखालचा नाण्यांचा डबा ओढला आणि झाकण उघडलं. "नाणी नकोत मला. तो पट्टा काढ आणि यात टाक. पाच वाजता घेऊन जा."

"मग झोप झाली का नाही, ते कळणार कसं?"

"उठलास की आईला विचार. तिला तोंड बघून कळतं."

"नुसतं तोंड बघून सांगणार? त्याचा ग्राफ कसा काढू?"

"तर मग जा घरी. चादर काढणार नाही मी."

बायको सोडायला लागावी इतका विचार रेनांतेने त्या रबराच्या तुकड्याचा केला. मग काढला. पट्ट्याखालची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होती, फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी. डब्यात पट्टा पडल्याचा आवाज झाला आणि लगेच तो तिथे नाण्यांवर थरथरायला लागला, उठ म्हणून.

तेमयोंग कोंबडा मांडीवरून खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागला. "सुटला रे, सुटला! जामीन कुणी दिला? मेनिंगने!" सगळे हसले. मेनिंगने चादर ओढून काढली, माइकवर फुंकर मारली, आणि त्या हसण्यातही गाणं निवडायला लागली.

रेनांते आपल्या दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाला, "हसा, नोंग. तुम्हीही मला सकाळपासून मोजताच. कधी उठलो, काय खाल्लं, कुठली मुलगी सोडून गेली, सगळं. पण माझ्या पट्ट्याने मला आजवर एकदाही जामिनावर सुटलेला चोर म्हटलेलं नाही."