राऊटरसमोरचे गाऱ्हाणे

शेजारची पोरे माझी वायरलेस जोडणी फुकट वापरतात, हे उघडकीस येताच मी स्वतः राऊटरची सुरक्षा-मांडणी बदलून पासवर्ड लावला. पोरांची जोडणी तुटली, पण त्यांच्याबरोबर माझ्या संगणकाचीही तुटली. त्याच दुपारी मस्कतला नातीचे बारसे होते, आणि ते आम्ही उभयता पडद्यावर पाहणार होतो.

इंटरनेट कंपनीला केलेल्या अनेक संतप्त फोनांनंतर मालवणहून त्यांचा एक दुरुस्तीवाला गृहस्थ आला. मी नाव विचारले.

"तक्रारीत घालूक व्हया मां?" तो हसला आणि त्याने नाव सांगितलेच नाही. मग चपला काढून, राऊटरसमोर हात जोडून त्याने चक्क गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा! ह्या काकांनी रागान कुलूप घातल्यानी आणि आपणच भायर रवले. चूकभूल पोटात घाल, लाईन चालू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी साथ दिली.

ही सेवेतील उघड त्रुटी आहे, असे मी त्याला ठणकावले. त्याने शांतपणे राऊटरच्या छिद्रात टाचणी दाबून माझी सारी मांडणी पुसली, नव्याने जोडणी केली आणि पासवर्ड मुळीच लावला नाही.

"पासवर्ड लावा!" मी ओरडलो.

"काकानूं, बारश्यादिवशी शेजाऱ्यांका दार लावतत काय?"

चहा पिऊन तो निघून गेला. मी तणतणत त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायला घेतली, तोच पडद्यावर पाळणा उमटला.

"बाबा, दिसतंय ना नीट?" लेकीने विचारले.

हातातली लेखणी थांबली, आणि माझ्या तोंडून खणखणीत निघाले, "व्हय म्हाराजा!"